नकलेची अब्रू

नक्कल हा शब्द आपल्या भाषेंत केव्हां व कसा शिवी होऊन बसला, याचा शोध भाषापंडितांनीं घ्यावा; आम्हांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, ही शिवी कोणास लागू पडते व कोणास पडत नाहीं. निमित्त क्षुल्लक आहे. आमच्या चुडाव्याच्या पंचक्रोशींत एक शेतकऱ्याचा मुलगा आहे. यंत्रशास्त्राची पदविका घेऊन तो ट्रॅक्टरदुरुस्तीचें दुकान चालवितो. त्यानें एका जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारची प्रतिकृति करवून घेण्याचें मनांत आणलें. या धंद्याची रीत अशी कीं, सांगाडा व बाह्य घाट कारखानदारानें ठरविलेले असतात, आणि इंजिन, गिअर, आसनें, चाकें, रंग यांची निवड मागणी नोंदविणाऱ्यानें करावयाची असते. म्हणजे माल निम्मा ठरलेला व निम्मा बेतलेला. ही बातमी पूर्णा व नांदेड यांमधील आगगाडीच्या डब्यांतून पसरावयास वेळ लागला नाहीं; आणि आमच्या सुशिक्षित मंडळींनीं एकमुखानें निकाल दिला कीं, एक तर ही नक्कल, दुसरें ही चैन, आणि तिसरें हा कायद्याचा भंग. निकाल देणाऱ्यांत आमचे सहाध्यापक होते, वकील होते, व ग्रंथपरीक्षणें लिहिणारे एक रसिकहि होते. या तिन्ही आक्षेपांचा समाचार घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. मात्र आम्ही त्या तरुणाचें वकीलपत्र घेतलेलें नाहीं. शेवटीं त्यालाहि चार शब्द ऐकवावयाचे आहेत.

ज्या मोटारीवरून हा खल माजला, तिची हकीकत थोडक्यांत अशी. १९५७ सालीं इंग्लंडांत कॉलिन चॅपमन याच्या लोटस कंपनीनें सेव्हन नांवाची दोन आसनांची उघडी मोटार बाजारांत आणली. बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढचीं चाकें अंगाबाहेर, आणि डोक्यावर आच्छादन नांवापुरतें, एवढाच तिचा पसारा. अंगीं वजन नसलें म्हणजे थोड्या ताकदीच्या इंजिनानेंहि मोटार बाणासारखी जाते, हा तिच्या कर्त्याचा सिद्धान्त. त्या काळीं इंग्लंडांत तयार मोटारीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता; म्हणून ही मोटार पुष्कळदां सुट्या भागांच्या रूपानेंच विकली जाई, व घेणारा ती आपल्या घरच्या गाडीखान्यांत जोडी. जोडणीच्या सूचना सोबत दिल्यास कराची सवलत जाई. तेव्हां कारखान्यानें मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या, व त्या उलट्या क्रमानें वाचण्याचें काम गिऱ्हाइकावर सोपविलें, अशी एक गोष्ट तिच्याविषयीं सांगतात. १९७३ सालीं तिचे हक्क केटरहॅम नांवाच्या विक्रेत्याकडे गेले, आणि ती त्या नांवानें पुढेंहि तयार होत राहिली. जी मोटार जन्मतःच गिऱ्हाइकाच्या हातानें पुरी व्हावयाची, तिच्या प्रतिकृति जगभर झाल्या यांत नवल तें कोणतें?

आपल्या महाराष्ट्रांतहि तशी एक प्रतिकृति झाली, हें मात्र आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. अलिबागजवळ कार्लेखिंडीस चिंकारा मोटर्स या लहानशा कारखान्यानें चालू शतकाच्या पहिल्या दशकांत चिंकारा रोडस्टर नांवाची जी मोटार काढली, तिचा घाट या सेव्हनचाच होता. इंजिन मात्र इसुझूचें, १.८ लिटरचें, म्हणजे आपल्या अँबॅसडर गाडींत बसविलें जाई तेंच. ज्या इंजिनानें मंत्र्यांना व त्यांच्या अंगरक्षकांना घेऊन जिल्ह्याच्या रस्त्यांवरून जड पावलांनीं चालावें, तेंच इंजिन हलक्या सांगाड्यांत बसवितांच हरिणासारखें धावूं लागलें. अँबॅसडर २०१४ सालीं बंद पडली. तिच्या इंजिनाचे इतके लाड अन्यत्र क्वचितच झाले असतील. तेव्हां आमच्या तरुणाची कल्पना आकाशांतून पडलेली नाहीं. तिला या मातींत आधार आहे.

आतां पहिला आक्षेप घेऊं. ही नक्कल आहे, अस्सल नव्हे, असें आक्षेपक म्हणतात. त्यांस आमचा प्रतिप्रश्न असा कीं, अस्सल म्हणजे काय? जिच्या प्रतिकृति जगांत बहुधा सर्वांत अधिक झाल्या, ती कोब्रा मोटार उदाहरणादाखल घ्यावी. १९६२ सालीं कॅरल शेल्बी या अमेरिकन गृहस्थानें एसी या इंग्रजी कारखान्याच्या ‘एस’ नांवाच्या मोटारींत अमेरिकन फोर्डचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसविलें, आणि कोब्रा जन्मास आली. त्या मोटारींत पूर्वीं ब्रिस्टल कंपनीचें इंजिन बसवीत, आणि तें ब्रिस्टलचें इंजिन दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या जर्मन बी. एम. डब्ल्यू. ३२८ या गाडीच्या इंजिनावरून उतरलेलें. बरें, त्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीचा मोटारींचा धंदा तरी कसा सुरू झाला? १९२८ सालीं तिनें आयझेनाख येथील एक कारखाना विकत घेतला, आणि तेथें परवान्यानें तयार होत असलेली इंग्रजी ऑस्टिन सेव्हन ही मोटार पुढें स्वतःच्या नांवानें काढली. इंग्रजावरून जर्मन, जर्मनावरून इंग्रज, आणि त्याच्या पोटांत अमेरिकन, अशी ही अस्सलाची वंशावळ आहे. अशा सुमारें एक हजार मोटारी त्या काळीं झाल्या, व त्यांपैकीं एखादी आज लिलावांत निघाली तर तिची बोली कोट्यवधि रुपयांवर जाते. आम्ही त्या किंमतीस नांव ठेवीत नाहीं. जुनेपणाला व इतिहासाला किंमत असावीच. पण कुळाच्या शुद्धतेचा अभिमान मात्र तेथें कोणीं सांगूं नये.

आणि खुद्द अस्सलाचे मालक तरी काय करतात? जग्वार कंपनीची सी-टाइप मोटार १९५१ व १९५३ सालीं ल मान्सची प्रसिद्ध शर्यत जिंकून अमर झाली. स्वीडन देशांतील एका दाम्पत्यानें तिच्या प्रतिकृति करण्याचें योजिलें, तेव्हां कंपनीनें त्यांस न्यायालयांत खेंचलें. डिसेंबर १९५३ मध्यें नव्हे, डिसेंबर २०२० मध्यें, म्हणजे मूळ मोटार निघाल्यास जवळजवळ सत्तर वर्षें लोटल्यावर, तेथील न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. आणि लगेच पुढच्याच महिन्यांत कंपनीनें स्वतः आठ नव्या सी-टाइप मोटारी करून विकण्याचें जाहीर केलें. या मोटारींना नक्कल म्हणावयाचें नाहीं. त्या मूळ मालिकेचें ‘सातत्य’ म्हणावयाच्या! पुढें २०२३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरवून दाम्पत्याच्या पदरीं न्याय घातला, ही गोष्ट वेगळी. आमचा मुद्दा एवढाच कीं, सत्तर वर्षांनीं नव्या पत्र्याची, नव्या हातांनीं केलेली वस्तु ज्याच्याजवळ नांवाचा हक्क आहे त्यानें केली तर सातत्य, आणि ज्याच्याजवळ केवळ हातोडा आहे त्यानें केली तर चोरी, हा भेद कारागिरीचा नसून मालकीचा आहे. मालकीचे वाद वकिलांनीं खुशाल लढवावे. रसिकांनीं त्यांस सौंदर्यशास्त्र समजूं नये.

हा वाद आपल्या मुंबईच्या दारींहि येऊन गेला आहे. महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून विलीज जीप मूळ कंपनीच्या परवान्यानें या देशांत जोडावयास घेतली. पुढें ती येथेंच तयार होऊं लागली, आणि आमच्या मराठवाड्यांत तर जीप म्हणजे सरकार, असें समीकरण कित्येक वर्षें होतें. त्या जीपच्या वंशांतली रॉक्सर नांवाची गाडी महिंद्रांनीं २०१८ सालीं अमेरिकेंत विकावयास काढली, तेव्हां जीप या नांवाच्या तिकडील तत्कालीन धन्यांनीं ही आमच्या गाडीची नक्कल आहे म्हणून तक्रार केली. २०२० सालीं तेथील व्यापार-आयोगानें ती मान्य केली, आणि महिंद्रांस गाडीचें तोंड बदलावें लागलें. जिला एकदां परवाना देऊन औरस ठरविली, तिलाच सत्तर वर्षांनीं दासीपुत्र ठरविण्यांत आलें! अस्सलपणाचें हें प्रमाणपत्र कोण, केव्हां व कां देतो, हें पाहिल्यावाचून त्यावर विश्वास ठेवणारे आमचे मित्र भाबडे आहेत, एवढेंच आम्ही म्हणतों.

आमच्या ग्रंथपरीक्षक मित्रांस तर आम्ही विशेष विनयानें एक स्मरण देऊं इच्छितों. आगरकरांचें ‘विकारविलसित’ १८८३ सालचें, व देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० सालचा. पहिल्याचा सांगाडा ‘हॅम्लेट’चा, दुसऱ्याचा ‘ऑथेल्लो’चा, हें त्या लेखकांनीं कधीं लपविलें नाहीं, आणि लपविलें नाहीं म्हणूनच त्यांस कोणी चोर म्हटलें नाहीं. मूळ बांधणी शेक्सपिअरची. परंतु पात्रांचें बोलणें, त्यांची रीतभात, त्यांचीं नांवेंगांवें हीं येथल्या लेखणीनें निवडलेलीं. निम्में ठरलेलें व निम्में बेतलेलें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. ‘झुंझारराव’ पाहून ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे डोळे पाणावले, त्यांनीं प्रतिकृतीच्या नांवानें नाक मुरडावें, हें कृतघ्नपणाचें आहे. मराठी रंगभूमीला जो प्रकार भूषणास्पद झाला, तो पत्र्याच्या कामांत एकाएकीं लाजिरवाणा कसा होतो? कीं पत्र्याचें काम हातानें करावें लागतें, आणि हाताला काळें लागतें, एवढ्याच कारणानें?

नकलेवांचून कोणताहि समाज यंत्रविद्या शिकलेला नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास १९०३ सालीं जो लोखंडी नांगर तयार केला, तो परदेशी नांगराच्या नमुन्यावरूनच. लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीनें शेतकरी प्रथम त्याला हात लावीनात. पण त्याच नकलेंतून पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथें कोणा पंडितानें ‘हा नांगर अस्सल नव्हे’ असें म्हटलें असतें, तर आपण त्यास वेडा ठरविला असता.

दुसरा आक्षेप चैनीचा. तो पहिल्याहून गंभीर आहे, आणि आम्ही तो हंसण्यावारी नेणार नाहीं. पाऊस चुकला कीं ज्या जिल्ह्यांत कर्जाचा हप्ता चुकतो, आणि हप्ता चुकला कीं कित्येक घरांत दिवा लावण्याची वासना राहत नाहीं, त्या जिल्ह्यांत दोन माणसें बसतील एवढीच, पावसाला व उन्हाला निरुपयोगी अशी मोटार करविणें हें शोभतें काय? आम्ही चैनीचे कैवारी नाहीं. पण न्याय सर्वांस सारखा लागला पाहिजे. बँकेच्या हप्त्यावर घेतलेल्या प्रचंड तयार मोटारी आज तालुक्याच्या प्रत्येक गांवीं उभ्या आहेत. त्यांविषयीं आगगाडीच्या डब्यांत कोणी ब्र काढीत नाहीं, उलट अशी मोटार दारीं असली तर मुलाच्या लग्नाचा भाव वाढतो. लग्नाचें नांव निघालें तर आणखीहि एक गोष्ट सांगून टाकूं. नांदेड-परभणीकडील वरातींत नवरदेवास बसविण्यासाठीं ‘व्हिंटेज’ म्हणून ज्या मोटारी भाड्यानें येतात, त्यांतील पुष्कळ जुन्या जीपच्या सांगाड्यावर फायबरचें कवच चढवून केलेल्या असतात. ज्या वऱ्हाडी मंडळींनीं त्या कवचाला हात लावून छायाचित्रें काढवून घेतलीं, तींच मंडळी आमच्या तरुणाच्या उघड्या, कबुलीच्या नकलेस हंसतात! खोट्याचें त्यांस वावडें नाहीं. खोटें खोटें म्हणून सांगण्याचें वावडें आहे.

शिवाय पैसा कोठें जातो, हेंहि पाहिलें पाहिजे. तयार मोटारीचा रुपया कारखान्याच्या भागधारकांकडे व बँकेच्या व्याजाकडे वाहत जातो. बेतलेल्या मोटारीचा मोठा हिस्सा सांधणी करणाऱ्याच्या, पत्रा ठोकणाऱ्याच्या, गादी शिवणाऱ्याच्या व रंग देणाऱ्याच्या हातांत पडतो. हरियाणा व पंजाब यांच्या सीमेवर मंडी डबवाली नांवाचें गांव आहे. तेथें जुन्या फौजी घाटाच्या उघड्या जीपगाड्या गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणें तयार होतात, व त्यांस दूरदूरच्या प्रांतांतून मागणी येते. एका आडगांवीं केवळ हातांच्या कसबावर असा धंदा उभा राहूं शकतो, ही गोष्ट पूर्णेच्या व चुडाव्याच्या बेकार पदविकाधारकांनीं विचारांत घेण्यासारखी आहे. पूर्वीं पूर्णेच्या रेल्वेशेडमध्यें वाफेच्या इंजिनांवर काम करणारे हात होते. आगगाडीचें रूप पालटलें आणि ती विद्या त्या हातांबरोबरच विझली. नव्या हातांस काम देणारी चैन आणि नुसतें व्याज वाढविणारी चैन, या दोहोंस एकाच मापानें मोजणें हें आळशीपणाचें लक्षण आहे.

आणि मुख्य गोष्ट अशी कीं, निम्मी ठरलेली व निम्मी बेतलेली गाडी करविणें ही आमच्या प्रदेशाला नवी गोष्टच नव्हे. चुडाव्यासारख्या गांवांत बैलगाडी ही दुकानांतून आणावयाची वस्तु नव्हती. तिचा घाट परंपरेनें ठरलेला असे. पण आंख किती लांब, चाक किती उंच, जूं किती रुंद, तुंब्याला कोणतें लांकूड, बाभूळ किती पावसाळे मुरलेली, हें सर्व मागणारा शेतकरी सुताराच्या पुढ्यांत बसून सांगे. त्याच्या बैलांची चण, त्याच्या शेताची वाट, त्याच्या ओढ्याचा उतार हीं त्या गाडींत उतरत. लोहार धाव तापवून चाकावर चढवी व पाणी ओतून आवळी, तेव्हां शेतकरी तेथें उभा असे. एखादा आरा ढिला राहिला तर त्याच्या कानाला तो आधीं कळे. शंकरपटासाठीं तर हलका छकडा निराळा करवीत. त्यांत एकहि शेर लांकूड फाजील ठेवीत नसत. चॅपमनचा वजनाचा सिद्धान्त आमच्या सुतारांस इंग्लंडाहून शिकावा लागला नाहीं. तो छकडा ही आमच्या मुलुखाची स्पोर्ट्स कार होय. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्या अटींवर पुन्हां सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें त्यांस मान्यता देणारे कायदे वैध ठरविले. या सर्व काळांत छकडा करविणाऱ्या शेतकऱ्यास चैनी म्हणण्याचें कोणास सुचलें नाहीं.

तिसरा आक्षेप कायद्याचा. आमचे वकील मित्र मोटार-वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाकडे बोट दाखवितात. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ स्पष्ट केला आहे: नोंदलेल्या वाहनांत निर्मात्याच्या मूळ तपशिलास सोडून जाणारा फेरफार करतां येणार नाहीं. हें खरें, आणि तें योग्यहि आहे. कोणीहि उठून गाडीचा सांगाडा कापावा आणि रस्त्यावर दुसऱ्याच्या लेकराचा जीव घ्यावा, याला स्वातंत्र्य म्हणतां येत नाहीं. परंतु तो निर्णय नोंदलेल्या वाहनांत केलेल्या फेरफाराविषयीं आहे. नव्यानें निर्माण केलेल्या वाहनाची वाट वेगळी. तिचा नमुना केंद्रीय नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणें पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई यांसारख्या नेमलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. म्हणजे दार बंद नाहीं. पण तें वर्षाला लाख मोटारी करणाऱ्याच्या मापानें बसविलेलें आहे. दहा मोटारी करणाऱ्यानें त्याच्या उंबऱ्यावर डोकें आपटावें!

इतर देशांनीं काय केलें तें पाहावें. ब्रिटनमध्यें एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी होते. आणि जिच्या वयाची किंवा कुळाची खात्री पटत नाहीं तिच्या क्रमांकाच्या आरंभीं ‘क्यू’ हें अक्षर येतें, म्हणजे येणाराजाणारा ओळखतो कीं हिचें जन्मसाल संशयित आहे. अमेरिकेनें २०१५ सालीं कायदा करून लहान निर्मात्यास वर्षाला ३२५ प्रतिकृति करण्याची मुभा दिली. अट अशी कीं, जिची प्रतिकृति करावयाची ती मोटार निदान २५ वर्षांपूर्वींची असावी, आणि धुराविषयींचे आजचे नियम इंजिनानें पाळावे. त्या कायद्याचे नियम निघावयास सहा वर्षें लागलीं, तेव्हां तिकडील सरकारहि आपल्याच जातीचें आहे, पण निघाले. आपल्याकडे २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील जुन्या मोटारींसाठीं निराळी नोंदणी व क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें, अशी चांगली व्यवस्था झाली. म्हणजे म्हाताऱ्या अस्सलास मान आहे, नव्या घाऊक मालास मान आहे. मध्येंच जो हातानें, थोडें, पण उघडपणें नवें करतो, त्याच्यासाठीं स्वतंत्र असा कायदा नाहीं. याचा परिणाम काय होतो? प्रामाणिक कारागीर कागदपत्रांच्या धाकानें धंदा सोडतो. आणि अप्रामाणिक मनुष्य एखाद्या मोडीत निघालेल्या जीपचीं कागदपत्रें घेऊन त्यांच्या आश्रयानें नवी मोटार चालवितो. नियम इतका कडक करावयाचा कीं सत्य बोलणाऱ्यास जागा उरूं नये, आणि मग खोटेपणा वाढला म्हणून हळहळावयाचें, ही आपली जुनी खोड आहे. आम्ही नियम सैल करा असें म्हणत नाहीं. सांधा तपासा, ब्रेक तपासा, धूर मोजा, पण एकेका मोटारीचा तपासा, आणि तिच्या पुस्तकांत ‘प्रतिकृति’ हा शब्द व खरें निर्मितिवर्ष नोंदा. एवढीच आमची मागणी आहे.

आतां त्या तरुणाकडे वळूं. वर आम्हीं जें लिहिलें त्यानें त्याची छाती फुगली असेल, तर ती त्यानें आवरावी. प्रतिकृति करविणारे दोन जातींचे असतात. एकाला ठरलेला निम्मा भाग हवा असतो, दुसऱ्याला बेतावयाचा निम्मा. पहिला मनुष्य आकार घेतो, नांवाची पट्टी घेतो, लोकांचे विस्फारलेले डोळे घेतो. इंजिनाविषयीं त्याला विचारलें तर तो कारखानदाराच्या छापील पत्रकांतलें वाक्य म्हणून दाखवितो. त्यानें मोटार घेतली नाहीं, पोशाख घेतला. दुसरा मनुष्य मागणीचा कागद पुढें घेऊन बसतो आणि विचारतो कीं, या नळीची जाडी किती, सांधा कोणी भरणार, या इंजिनाचा सुटा भाग नांदेडच्या बाजारांत मिळेल कीं मुंबईहून मागवावा लागेल, रेडिएटर परभणीच्या वैशाखांत टिकेल काय. आमच्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यांत फुगतात व उन्हाळ्यांत फाटतात. चार बोटें उंचीची मोटार चुडाव्याच्या फाट्यावरच पोट टेकून बसेल. मूळ मोटार इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांवर जमिनीलगत शोभत असेल. येथें ती उंच करणें हा मूळ मोटारीचा अपमान नसून तिच्या कर्त्याच्या बुद्धीचा मान आहे, कारण त्यानेंहि आपल्या रस्त्याकडे पाहूनच ती काढली होती. जो या गोष्टी ठरवितो तो देवलांचा वंशज. जो ठरवीत नाहीं तो केवळ वरातीचा नवरदेव.

म्हणून त्याला आमचें सांगणें असें. तपासणीच्या संस्थेचें मान्यतापत्र डोळ्यांनीं पाहिल्यावांचून विसार देऊं नये. नुसता रंग व गादीचें कातडें निवडून ‘मीं बेतली’ असें म्हणूं नये. तो बेत नव्हे, ती सजावट. कारखान्यांत निदान दोनदां जावें: एकदां सांगाडा उघडा असतांना, आणि एकदां इंजिन बसवितांना. ज्यानें सांधा भरला त्या कारागिराचें नांव विचारून घ्यावें. आणि मोटारीवर लोटसची किंवा दुसऱ्या कोणाची नाममुद्रा लावूं नये. ज्यानें केली त्याची लावावी, सोबत सालहि कोरावें. असें साल कोरलेली प्रतिकृति आणखी पन्नास वर्षांनीं स्वतःच्या हक्कानें जुनी होईल, व तेव्हां आपल्या काळची साक्ष देईल. साल खोडलेली मात्र कितीहि वर्षें उभी राहिली तरी कोणत्याच काळाची होणार नाहीं.

या सर्व वादांत आम्हांस खरी काळजी मोटारीची नाहीं. एखाद्या तरुणानें मोटार केली काय, न केली काय, गोदावरीचें पाणी वाहावयाचें थांबत नाहीं. काळजी ही कीं, आपल्या मुलुखांतून मागणारा नाहींसा होत आहे. कारागीर यंत्रांमुळें मेला, असें आपण म्हणतों. तें अर्धसत्य आहे. त्याच्या पुढ्यांत बसून आंखाची लांबी सांगणारा, लांकडाचे पावसाळे मोजणारा, धाव चढतांना कान देऊन उभा राहणारा शेतकरी आधीं नाहींसा झाला. त्यामागून कारागीर गेला. आज आम्ही घर तयार घेतों, कपडा तयार घेतों, मतें तयार घेतों, आणि शिक्षणाच्या धंद्यांत तीस वर्षें काढल्यानंतर सांगण्याचा अधिकार आहे म्हणून सांगतों कीं, पदवीहि तयार घेतों. ज्याला नीट मागतां येत नाहीं, त्याला नीट कधींच मिळत नाहीं. एखादा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मुलगा कागद पुढें घेऊन कारखानदारास नळीची जाडी विचारीत असेल, तर त्याच्या हातून एक हरवलेली विद्या परत येत आहे. त्याला नकल्या म्हणून हिणविण्यापूर्वीं आमच्या सुशिक्षितांनीं आपापल्या घरांतील, अंगावरील व डोक्यांतील किती वस्तूंचा आंख आपण स्वतः मोजून घेतला होता, याचा हिशेब करावा. आणि हिशेब लागल्यास आगगाडीच्या डब्यांत तो मोठ्यानें वाचून दाखवावा.